रंग लॅटिनमध्ये सांगायचे

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. एका जागी नऊ वर्षं रोज नऊ ते सहा बसलं की त्या जागेचा वास अंगाला लागतो, तसे किस्सेही लागतात. आमच्या लॅबचा वास स्पिरिटचा होता आणि किस्से बहुतेक सगळे रंगांचे. घरी आई होती तोवर रोजचा किस्सा रोज तिला सांगून मोकळं होता यायचं. ती गेल्यावर ते साठायला लागले. आता कोणी नुसतं "कशी आहेस?" विचारलं तरी मी दोन ऐकवल्याशिवाय सोडत नाही. तुम्ही विचारलंत, आता बसा.

घाटकोपरला, एका साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर देवस्थळी सरांची पॅथॉलॉजी लॅब होती. रक्त, लघवी, थुंकी, माणूस बाटलीत जे घालून आणेल ते आम्ही तपासायचो. आम्ही म्हणजे तिघंच. सर साठीला टेकलेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. कांबळे हा टेक्निशियन, गोवंडीचा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, हाताला स्वच्छ आणि तोंडाला फटकळ. आणि मी परब, विक्रोळीच्या हाउसिंग बोर्डाच्या खोलीत आईबरोबर राहणारी, लग्न राहून गेलेली. ऐंशी साली मी तिथे लागले.

*

माझा इंटरव्ह्यू दोन मिनिटांत संपला. सरांनी सर्टिफिकेटं बघितलीच नाहीत. खिडकी उघडली आणि म्हणाले, "खाली दुकानाबाहेर साड्या टांगल्यात. रंग सांगा."

मला वाटलं म्हातारा चक्रम आहे. पण नोकरी हवी होती. मी सांगत गेले. अबोली, डाळिंबी, अंजिरी, मोरपंखी, पोपटी, आणि ती कोपऱ्यातली रामा. आई ब्लाउज शिवायची, त्यामुळे लहानपणापासून रिळं आणि फॉल मॅचिंग करून आणायचं काम माझ्याकडे होतं. रंगात मला कोणी फसवू शकत नसे.

सर म्हणाले, "बाकी सगळं शिकवता येतं, हे येत नाही. उद्यापासून या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हातात एक कागद ठेवला. आल्बा पांढरा, नायग्रा काळा, रुब्रा लाल, फ्लाव्हा पिवळा, ल्युटिया पिवळा, विरिडिस हिरवा, सेरुलिया निळा, पॅलिडा फिकट. लॅबचा नियम असा की काउंटरपलीकडे पेशंट उभा असताना रंग मराठीत उच्चारायचा नाही. "लघवी लाल आहे" एवढं कानावर पडलं की माणूस तिथेच खाली बसतो, असा सरांचा अनुभव होता. म्हणून लॅटिन.

मी कागद वाचून विचारलं, "सर, पिवळे दोन का?"

"एक साधा, एक अंड्याच्या बलकासारखा. तुम्ही काल हिरवे तीन सांगितलेत, तेव्हा मी काही बोललो का?"

*

मला वाटलं होतं, लॅटिन म्हणजे काहीतरी भारदस्त असणार. सरांनी तोही भ्रम घालवला. काम कमी असलं की ते समजावायला बसायचे.

"शरीराला नावं देणाऱ्यांना फारसं काही सुचलेलं नाही हो. पोट उघडलं, मधोमध पांढरी रेघ दिसली. नाव काय ठेवलं, लिनिया आल्बा. म्हणजे पांढरी रेघ. मेंदू कापला, आत काळं काहीतरी दिसलं. सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे काळा पदार्थ. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पिवळा डाग, मॅक्युला ल्युटिया. झालं. आपण काळ्या कुत्र्याला काळू म्हणतो, त्यापेक्षा जास्त अक्कल लावलेली नाही."

कांबळे म्हणाला, "सर, मग हे आम्हाला पण जमलं असतं. उगाच परीक्षा घेतल्या."

ही लॅटिन मग आमच्या डब्यात शिरली. सरांच्या डब्यात रोज दहीभात, तो आल्बा. माझ्या डब्यात माशाचं तिखलं, ते रुब्रा. कांबळेची बायको काळ्या मसाल्यात वांगी, डाळ, जे मिळेल ते करायची, ती नायग्रा. पहिले सहा महिने सर खिडकीकडे तोंड करून एकटेच जेवत. मग एका बुधवारी त्यांनी खुर्ची वळवली आणि रिपोर्ट मागावा तशा आवाजात म्हणाले, "परबबाई, रुब्रा जरा इकडे सरकवा."

तिसऱ्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कांबळेनं पाण्याचा ग्लास पुढे केला. सर म्हणाले, "नको, बरं वाटतंय."

*

कांबळेचा किस्सा तर गोवंडीत अजून सांगतात म्हणे. त्याची बायको रमा सात महिन्यांची गरोदर होती. एक दिवस हा पडेल चेहऱ्यानं आला. काम करताना हात थांबत होते. शेवटी मी विचारलं, "काय झालं रे?"

"ताई, रमाच्या पोटावर काळी रेघ उमटलीय. वरून खालपर्यंत, पट्टीनं मारल्यासारखी. आई म्हणते कोणीतरी काहीतरी केलंय. मी असलं मानत नाही, पण रेघ आहे ना, दिसते."

सर आतून ऐकत होते. ते बाहेर आले. "कांबळे, काळ्याला काय म्हणतात?"

"नायग्रा."

"रेघेला?"

"लिनिया."

"मग झालं तर. लिनिया नायग्रा. गरोदर बाईला येते, बाळंतपणानंतर आपोआप फिकी होते. पुस्तकात आहे."

कांबळे चार वर्षं हे दोन्ही शब्द रोज वापरत होता. घरी बायकोच्या पोटावर तीच गोष्ट दिसली तर ओळखली नाही. त्या संध्याकाळी त्यानं रमाला पुस्तकातलं चित्रच नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "नाव आहे ना? मग घाबरायचं कशाला?"

पुढच्या महिन्याभरात त्यांच्या गल्लीतल्या तीन गरोदर बायका पाण्याच्या रांगेत एकमेकींना विचारत होत्या, तुझी नायग्रा कुठवर आली?

*

लिमये मास्तर म्हणून एक रिटायर्ड शिक्षक दर सोमवारी सकाळी बाटली घेऊन यायचे. डॉक्टरची चिठ्ठी नसायची. तपासणीत काही निघायचं नाही. आमचं ऐकून ऐकून त्यांना सगळे शब्द पाठ झाले होते. बाटली काउंटरवर ठेवून स्वतःच जाहीर करायचे, "आज पॅलिडा आहे. काल पाणी बरंच प्यालो."

मी सरांना म्हटलं, "सर, ह्यांना काहीही झालेलं नाही. उगाच येतात."

सर म्हणाले, "मला माहीत आहे. येऊ दे."

एका सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. सरांनी कांबळेला त्यांच्या पत्त्यावर पाठवलं. मास्तर पाय घसरून पडले होते, दोन दिवस पलंगावर होते, शेजाऱ्यांना पत्ता नव्हता. दार ढकलून आत आलेल्या कांबळेला बघून म्हणाले, "बरं झालं. तुमच्याकडे गैरहजेरी तरी लागते."

हे ऐकून आम्ही हसलो. मग मी घरी गेले आणि मला रडू आलं. आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी पडले तर कोणाला कळेल, हा हिशेब मी त्या दिवशी पहिल्यांदा केला. लॅबच्या बाहेरचं एक नाव सापडलं नाही.

*

आता सरांच्या डोळ्यांचं सांगते.

जंतू तपासताना स्लाइडला रंग देतात. काही जंतू जांभळे दिसतात, काही गुलाबी, आणि औषध कुठलं द्यायचं ते त्यावरून ठरतं. सर मायक्रोस्कोपमधून बघून मला बोलवायला लागले. "परबबाई, बघा जरा. पर्प्युरिया की रोझिया?" मी बघून सांगायची. ते मान हलवून लिहायचे. मला वाटायचं, माझी परीक्षा चाललीय. मी खूश. नऊ-दहा महिने मी रोज पास होत होते.

मग पंतनगरचे मोरे आले. त्यांच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर होतं. लघवीत साखर आहे का बघायची सोपी रीत तेव्हा अशी होती की निळं औषध घालून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, विटकरी झालं तर विचारू नका. आम्ही दोघं जेवायला बसलो होतो म्हणून सरांनी स्वतः ट्यूब उकळली, रिपोर्टवर हिरवं लिहिलं आणि सही करून दिला.

मोरे लग्नानंतर आले ते संतापलेले. दुसरीकडे तपासून आले होते, साखर नव्हतीच. म्हणाले, "डॉक्टर, पोरीच्या लग्नात मी जिलबीला हात लावला नाही. लोक विचारत होते, बापाला लग्न पसंत नाही काय?"

सरांनी माफी मागितली. म्हणाले, औषध जुनं झालं असेल. मोऱ्यांसमोर पुन्हा ट्यूब उकळली, उजेडात धरली आणि नेहमीसारखं मला विचारलं, "बघा, काय?"

ती इतकी निळी होती की त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. "सेरुलिया, सर," मी म्हटलं. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, परत जवळ आणली. तेव्हा मला कळलं की माझी परीक्षा कधीच चालली नव्हती.

*

मी कांबळेला आठ दिवसांनी सांगितलं. मधल्या आठ दिवसांत मी एक गोष्ट केली, ती कबूल करते. सरांनी बोलवायच्या आधीच मी जाऊन उभी राहायची. ते ट्यूब उचलायचे, मी रंग सांगायची. ते विचारत नसत, मी थांबत नसे. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय सुंदर काम चाललंय.

कांबळे हातातलं काम टाकून माझ्याकडे बघायला लागला. "ताई, तुला कळतंय ना? ह्या वेळी जिलबी गेली. उद्या माणूस जाईल. आपण तिघंही आत जाऊ ते सोड, माणूस जाईल."

"मी प्रत्येक ट्यूब बघते रे."

"आणि तू आजारी पडलीस तर? आपण जेवायला बसलो की सर काय करतात, ते बघितलंस ना? तू सरांना सांग. नाहीतर मी सांगतो, आणि मी सांगितलं तर वाईट सांगेन."

त्याचं बरोबर होतं. मला नोकरीची काळजी नव्हती, लॅब कुठेही मिळाली असती. पण सरांची लॅब बंद झाली तर सकाळी नऊ वाजता माझी कोणी वाट बघणार नव्हतं. त्या एका गोष्टीसाठी मी लोकांच्या जिवाशी खेळत होते. हे सांगायला मला आजही लाज वाटते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन ट्यूब तयार केल्या. एक निळी, एक हिरवी. सरांपुढे स्टँडमध्ये ठेवल्या. त्यांनी पाहिल्या आणि माझ्याकडे वळले.

"परबबाई?"

"सर, आज मी सांगणार नाही."

ते बराच वेळ ट्यूबकडे बघत होते. एकदा खिडकीपाशीही नेल्या. परत आणून ठेवताना म्हणाले, "दोन्ही सारख्या आहेत." मग विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"जिलबीपासून."

त्यांनी पांढरा कोट काढून खुंटीला लावला. मोतीबिंदू होता आणि तो त्यांना दीड वर्षं माहीत होता. मॅक्युला ल्युटिया ठीक आहे, फक्त पुढचं भिंग पिवळं पडलंय, त्यामुळे निळं नीट पोचत नाही, हे मला त्यांनीच समजावलं, अगदी पूर्वी समजावायचे तसं.

कांबळे दारातून म्हणाला, "मग ऑपरेशन का नाही केलंत, सर? एवढे शिकलेले तुम्ही."

सर म्हणाले, "दोनदा गेलो होतो. फॉर्मवर विचारतात, बरोबर कोण आहे. मी परत आलो."

त्या दिवसापासून सरांनी एकाही रिपोर्टवर सही केली नाही. त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर येऊन सह्या करायला लागले. ठेवलेल्या जुन्या स्लाइड्स सगळ्या त्या डॉक्टरांनी पुन्हा तपासल्या. चूक निघाली नाही. ते आमचं नशीब, त्यात हुशारी काही नव्हती.

*

हॉस्पिटलात फॉर्म भरायला आम्ही तिघं गेलो. क्लार्कनं न बघताच विचारलं, "पेशंटबरोबर राहणार कोण?"

मी पुढे झाले. तो म्हणाला, "पुरुषांचा वॉर्ड आहे, बाई चालणार नाही."

कांबळेनं आपलं नाव सांगितलं. क्लार्कनं लिहून घेतलं. "नातं?"

"मुलगा."

क्लार्कचं पेन थांबलं. त्यानं वरचं देवस्थळी वाचलं, खालचं कांबळे वाचलं आणि पहिल्यांदा मान वर केली. "मुलगा? आणि आडनाव हे?"

कांबळे काही बोलणार, तेवढ्यात सर म्हणाले, "लिहा. माझ्या मुलाचं आडनाव कांबळे आहे."

क्लार्कनं लिहिलं. मला फार आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, तितकंच वाईटही वाटलं. कांबळेकडे रमा होती, पोरगी होती, आई होती, आणि आता एक वडीलही झाले. माझं नातं काय लिहायचं, हे कोणी विचारलं नव्हतं. मी दोघांचे डबे वॉर्डच्या दाराशी देऊन घरी गेले.

*

दीड महिन्यानं सर लॅबमध्ये परत आले. बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा लागला होता. त्यातून त्यांचे डोळे चांगलेच मोठे दिसायचे. कांबळे म्हणाला, "सर, झकास. आता आमची चोरी पकडाल तुम्ही."

आल्या आल्या त्यांनी औषधांच्या कपाटासमोर उभं राहून एकेक बाटली हातात घेतली आणि रंग म्हणत गेले. सेरुलिया. विरिडिस. पर्प्युरिया. निळं इतकं निळं असतं हे मी विसरलो होतो, म्हणाले. मग कांबळे एका घरी रक्त घ्यायला निघून गेला. मी टेबलाशी बसून लेबलं चिकटवत होते.

आवाज थांबला म्हणून मी वर बघितलं. सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला आणि पुन्हा बघितलं.

"परबबाई, केस पांढरे झाले की तुमचे."

"हो, सर."

"सगळे?"

"पुढचे सगळे. मागे आहेत अजून थोडे काळे."

"कधी झालं हे?"

"आई गेली तेव्हापासून, हळूहळू."

ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. टेबलावरची लेबलं त्यांनी हातानं बाजूला केली. मग नऊ वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"घरी कोण असतं तुमच्या?"

मी म्हटलं, "मीच असते."